शिडीची पायरी आणि कालचे हसू

जगातल्या ‘सर्वांत आनंदी’ देशांची यादी दरवर्षी मार्चमध्ये ‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’ या अहवालात जाहीर होते आणि २०१८ पासून तिच्या शिरोभागी फिनलंडच आहे. मला दरवेळी खटकतो तो ‘आनंदी’ हा शब्द. ही यादी ज्या उत्तरांवरून तयार होते, तो गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीतला प्रश्न आनंदाविषयी नसतोच. डोळ्यांसमोर शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी आणा, दहावी पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेले उत्तमोत्तम आयुष्य आणि शून्य म्हणजे सर्वांत वाईट, तर आज तुम्ही कुठे उभे आहात, एवढेच त्यात विचारलेले असते. आपल्या भाषेत याला आनंद म्हणत नाहीत, समाधान म्हणतात.

समाधानाच्या या हिशेबात पैसा ठळकपणे उतरतो. श्रीमंत देशांची सरासरी पायरी गरीब देशांपेक्षा वरची असते, मात्र उत्पन्न जसजसे वाढत जाते तसतशी पुढची पायरी महाग होते. उत्पन्न दुप्पट होणे महत्त्वाचे, किती रकमेने वाढले हे नव्हे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये याहून अवघड कोडे मांडले: एका वेळी पाहिले तर सधन माणसे गरिबांपेक्षा सुखी दिसतात, पण देश वर्षानुवर्षे श्रीमंत होत गेला तरी त्याचे सरासरी सुख त्या प्रमाणात वाढत नाही. बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वोल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हे आकडेवारीनिशी नाकारले. हा वाद मिटलेला नाही, पण शेजाऱ्याशी तुलना करण्याचा माणसाचा स्वभाव पाहता मला ईस्टरलिन यांचे म्हणणे सोडवत नाही.

त्याच पाहणीत ‘काल तुम्ही भरपूर हसलात का?’ असाही एक प्रश्न असतो. अशा प्रश्नांच्या उत्तरांत पॅराग्वे, ग्वाटेमाला यांसारखे लॅटिन अमेरिकेतले मध्यम उत्पन्नाचे देश अनेकदा अग्रभागी असतात. उलट जपान आणि दक्षिण कोरिया शिडीवरही आपल्या उत्पन्नाच्या मानाने खालीच दिसतात. तिथे स्वतःला वरच्या पायरीवर ठेवण्याचा संकोचही उत्तरात उतरत असावा, म्हणजे संस्कृती सुखाला घडवते तशी सुखाच्या मोजमापालाही वळण देते.

लॅटिन अमेरिकेचे वेगळेपण मात्र मला केवळ उत्तर देण्याच्या सवयीचे वाटत नाही, कारण तिथली कुटुंबे मोठी आहेत आणि नात्यांची वीण घट्ट आहे. अडचणीत हाक मारली तर धावून येईल असे कोणी तुम्हाला आहे का, हेही ही पाहणी विचारते, आणि देशादेशांतला फरक समजून घेताना अहवाल या उत्तराला उत्पन्नाच्या बरोबरीने जमेस धरतो. २०२५ च्या यादीत कोस्टारिका सहाव्या क्रमांकावर होता आणि त्याच्या कित्येक पट दरडोई उत्पन्न असलेली अमेरिका चोविसाव्या.