पॉइंटपासून रोटरीच्या हार्नेसपर्यंत: आमची वाटचाल

पुलगाव-आर्वी पट्ट्यातलं आमचं दुकान सुरू झालं ते सेल्फ आणि डायनॅमोच्या कामावर. आर्मेचर भरणं, कार्बन बदलणं, बुश ठोकणं हेच रोजचं काम. जीपवाल्यांनी डिझेल इंजिन बसवले, अँबेसेडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, पद्मिनी अंगणात उभ्या राहिल्या, तसं हे काम आटत गेलं. ज्यांनी पेट्रोलची जुनी गाडी हौसेने ठेवली, त्यांचा त्रास मात्र एकच होता: इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा. आमचं निम्म्याहून जास्त काम आज त्याच एका खात्यातलं आहे.

गिऱ्हाईक येतं तेच मागणी घेऊन. "भाऊ, पॉइंटची कटकट नको, डब्बा लावून द्या." पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातला) छोटा स्विच, तो ठिणगी बनवणाऱ्या कॉइलचा करंट जोडतो-तोडतो. डब्बा म्हणजे त्याच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक किट. तो आम्ही लावतो, पण सगळ्यात शेवटी. गाडी आधी पॉइंटवर नीट चालवून दाखवायची आणि मग किट, असा आमच्याकडे नियम आहे. पॉइंटवर मिसिंग करणारी गाडी किटवरही बहुतेक वेळा मिसिंगच करते, आणि मग दोष नव्या वस्तूवर येतो.

पॉइंट का बिघडतात ते आधी पाहू. ल्युकास डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यांवर) घासणारा फायबरचा तुकडा झिजला की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे सरकतं. कॅमला ग्रीस लावलं नसेल तर ही झीज फार लवकर होते. दुसरा गुन्हेगार कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शोषणारी डबी. त्याची क्षमता ०.२० मायक्रोफॅरडच्या आसपास भरायला हवी. नवा म्हणून घेतलेला कंडेन्सर थंड असताना बरोबर दाखवतो आणि इंजिन तापलं की गळतो. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून दहा मिनिटं कढत पाण्यात ठेवायचा, लगेच पुन्हा मोजायचा आणि मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) २५० व्होल्टला गळती पाहायची. चैत्र-वैशाखात आमच्याकडे सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, बोनेटखाली काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. तपासणी गरम कंडेन्सरचीच खरी.

आता एक बारीक जागा. ल्युकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट ज्या प्लेटवर बसतात, ती व्हॅक्यूमच्या ओढीने फिरते. तिला बॉडीशी जोडणारी एक विणलेली छोटी वायर असते, बोटभरही नाही. प्लेट लाखो वेळा हलते आणि ती वायर स्लीव्हच्या आत तुटते. बाहेरून धड दिसते, मीटर लावला तर टोकं टेकलेली असतात म्हणून कंटिन्युइटीही दाखवते. गाडी उभी असताना मस्त चालते, पायाने अॅक्सिलरेटर दाबला की प्लेट सरकते आणि फटाके. अशा गाडीचा कार्ब्युरेटर गावोगावी खोललेला असतो. तपासायची रीत सोपी आहे: चाबी चालू, पॉइंट बंद, मीटरचं एक टोक प्लेटला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. प्लेट बोटाने हलवत राहायची. ०.२ व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंग खराब. तशीच दुसरी मोजणी बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या पॉझिटिव्हपर्यंत. बॅलास्ट (कॉइलच्या आधीचा, करंट कमी करणारा रेझिस्टर) नसलेल्या गाडीत तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर जुना स्विच किंवा त्याच्या वायरी करंट खात आहेत. आमच्याकडे येणाऱ्या जीपमध्ये घराच्या फिटिंगची वायर सर्रास सापडते. तिच्या जाड तारा थरथरीने तुटतात आणि तापलेलं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. बाकीचं काम उंदीर करतात. कापूस घरात भरला की ते गाडीत मुक्कामाला जातात.

हॉल सेन्सरचं (चुंबक ओळखून स्पार्क सोडणारं) किट बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. पॉइंट-कंडेन्सर काढायचे, सेन्सरची पट्टी त्याच भोकांवर बसवायची, डिस्ट्रिब्युटरच्या रोटरखाली चुंबकाची रिंग. दोन वायरी: लाल चाबीच्या १२ व्होल्टवर, काळी कॉइलच्या निगेटिव्हवर. इथे उलटी जोडणी झाली की मॉड्यूल (किटमधलं सर्किट) त्याच क्षणी गेलं. म्हणून बॅटरी आधी पाहायची, काही जुन्या विलायती घडणीच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थिंग (बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला) असतं. कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्सही मोजायचा. ३ ओहमची कॉइल १२ व्होल्टला ४ अँपिअर घेते, दीड ओहमची बॅलास्टशिवाय लावली तर दुप्पट, आणि बहुतेक साधी मॉड्यूल ते सोसत नाहीत. बॅलास्ट असेल तर मॉड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या आधी जोडायची, नाहीतर सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं पडतं की स्पार्कच येत नाही.

किट जळण्याचं सगळ्यात साधं कारण आहे चाबी. इंजिन बंद, चाबी चालू, मालक टेप ऐकत बसले. पॉइंट योगायोगाने उघडे असतील तर कॉइल तरी वाचायची. साध्या मॉड्यूलला ती सोय नसते, कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापून जातात. या एका कारणावर आम्ही गॅरंटी देत नाही, आणि ते बिलावर आधीच लिहितो. हायटेन्शन वायरीही बदलतो. तांब्याच्या सलग तारेची जुनी वायर चालत नाही, तिच्या लहरींनी सेन्सर गोंधळतो. कार्बनची रेझिस्टन्स वायर हवी. किट बसल्यावर टायमिंग लाइट लावून टायमिंग पुन्हा धरावं लागतं, कारण चुंबकाचा क्षण पॉइंटच्या क्षणाशी जुळत नाही. लाइटखाली खूण नाचत असेल तर शाफ्टचा बुश गेला. त्यावर कुठलंही किट इलाज नाही.

जीपला आम्ही रिले कायम लावतो. बॅटरीपासून १५ अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची ऑटो केबल, ती रिलेच्या ३० नंबरला. ८७ मधून कॉइल आणि मॉड्यूल. ८६ ला जुन्या स्विचची वायर, ८५ अर्थिंगला. मग स्विच कितीही झिजलेला असो, त्याला फक्त रिले ओढायचा आहे. जोड क्रिम्पचे. झाळ दिली की ती तारांमध्ये वर चढते, जिथे संपते तिथे तारा कडक होतात आणि नेमक्या त्याच जागी तुटतात. प्रत्येक क्रिम्पला हाताने हिसका द्यायचा, सुटली तर बाकावर सुटू द्या. काळी टेप आम्ही बंद केली. मे महिन्यात तिचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि मृगाच्या पहिल्या सरीला पाणी आत जातं. कापडी टेप आणि गोंदवाली श्रिंक स्लीव्ह हेच टिकतं.

बाहेरगावचे लोक वायरिंग करून मागवू लागले तेव्हा रोटरीचं काम आलं. माझदाच्या रोटरी गाड्या (पिस्टनऐवजी तीनकोनी रोटर फिरणाऱ्या) आपल्याकडे बोटावर मोजण्याइतक्या, पण इंजिन समजलं की हार्नेस (तयार वायरिंगचा जुडगा) बाकावर बनवता येतो, गाडी समोर असावी लागत नाही. त्यांच्या १३बी इंजिनात दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. प्रत्येक रोटरच्या घराला दोन प्लग: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. इंधन पेटायची लांबट पसरलेली जागा एका प्लगने पुरती पेटत नाही म्हणून दोन. पुलीकडचा रोटर पहिला. ट्रेलिंगचं भोक लीडिंगपेक्षा लहान असतं, ते पाहिलं की वरखाली चुकत नाही. माझदाच्या एफडी पिढीच्या आरएक्स-७ गाडीला लीडिंगला एनजीके ७ नंबरचा आणि ट्रेलिंगला ९ नंबरचा प्लग येतो. आकडा मोठा तितका प्लग थंड.

पिस्टनच्या मिस्त्रीला इथे दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे टायमिंग. त्याआधीच्या एफसी पिढीच्या आरएक्स-७ च्या पुलीवर आयडलची पिवळी खूण लीडिंगची, ती टीडीसीनंतर (कप्पा सर्वांत लहान होतो त्या बिंदूनंतर) ५ अंशांवर. लाल खूण ट्रेलिंगची, टीडीसीनंतर २० अंशांवर. आपल्या सवयीने "मागे गेलंय" म्हणून कुणी ते पुढे ओढलं तर इंजिन धोक्यात, रोटरीचे एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) डेटोनेशन (इंधनाचा अवेळी भडका) सहन करत नाहीत. दुसरी म्हणजे स्पार्कची संख्या. चारस्ट्रोक इंजिनात प्लग दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, रोटरीत एक्सेंट्रिक शाफ्टच्या (रोटरीच्या क्रँकच्या) प्रत्येक फेरीला. ७००० आरपीएमला एक फेरी ८.५७ मिलिसेकंदांची. कॉइल भरायला (तिच्यात करंट चढायला) ४ मिलिसेकंद दिले तर ती निम्म्याहून कमी वेळ भरते, ठीक आहे. त्याच कॉइलला वेस्टेड स्पार्कवर (एका कॉइलवर दोन प्लग, त्यातली एक ठिणगी वाया) टाकलं की फेरीत दोनदा स्पार्क, म्हणजे ४.२९ मिलिसेकंदांत ४ मिलिसेकंद भरणं. तिला थंड व्हायला जागाच उरत नाही. म्हणून इंडक्टिव्ह कॉइल लावायची तर चार प्लगला चार कॉइल आणि चारही स्वतंत्र चालवायच्या. शिवाय ट्रेलिंगला वेस्टेड स्पार्क मुळात देताच येत नाही, नको त्या वेळी शेजारच्या कप्प्यात ठिणगी पडते.

एफसीच्या मूळ वायरिंगमध्ये लीडिंगचे दोन्ही प्लग एकाच कॉइलवर, एकदमच पेटतात. त्यामुळे त्या दोन वायरी आपसात बदलल्या तरी काही बिघडत नाही. ट्रेलिंगच्या दोन बदलल्या तर गाडी भडकते. चार स्वतंत्र कॉइल केल्या की ही सवलत गेली, चारही जागा अचूक हव्यात. कागदावर एल१, टी१, एल२, टी२ लिहिलेलं असतं, पण आम्ही स्लीव्हवर "पुढचा खालचा", "पुढचा वरचा", "मागचा खालचा", "मागचा वरचा" असंच छापतो. इंजिनावर वाकलेल्या माणसाला तेच वाचायला सोपं.

स्मार्ट कॉइलला (करंट तोडणारं सर्किट आतच असलेल्या कॉइलला) चार वायरी: १२ व्होल्ट, मोठी अर्थिंग, सिग्नलची अर्थिंग आणि सिग्नल. मुख्य १२ व्होल्ट ४ चौरस मिलिमीटरचा, फांद्या १.५ च्या, सिग्नल ०.५ चा. मोठी अर्थिंग इंजिन ब्लॉकला, सिग्नलची अर्थिंग सरळ ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला). दोन्ही वाटेत एकत्र केल्या की कॉइलचा झटका सिग्नलवर बसतो आणि आरपीएमचा काटा उड्या मारतो. शिल्डवाली वायर असेल तर शिल्ड एकाच टोकाला अर्थ करायची.

पाठवण्याआधी बाकावर चार स्पार्क टेस्टर लावून क्रम पाहतो: एल१, मग थोड्या अंशांनी टी१, अर्ध्या फेरीनंतर एल२, टी२. आधी कॉइलच्या जागी एलईडी. ईसीयूमध्ये सिग्नलची दिशा उलटी ठेवली असेल तर चाबी देताच एलईडी सतत पेटलेले दिसतात, कॉइल जोडलेली असती तर भाजली असती. आणि गाडीवर पहिल्यांदा सेल्फ मारताना इंजेक्टरचा फ्यूज काढून ठेवायचा. रोटरी एकदा पेट्रोलने भिजली की कॉम्प्रेशन पडतं आणि मग स्पार्क चांगला असूनही ती सुरू होत नाही, माणूस पुन्हा वायरिंगच उसवत बसतो.

या कामाने जीपचं कामही बदललं. पूर्वी प्रत्येक जीपला जागेवर वायर कापायचो. आता भिंतीवर खिळ्यांना तीन हार्नेस तयार टांगलेले असतात: जीप, अँबेसेडर, पद्मिनी. रिले, फ्यूज, लग सगळं बसवलेलं, प्रत्येक जोडाला हिसका देऊन झालेला, आणि प्रत्येकाला कापडी टेपने बांधलेला जोडणीचा नकाशा. गाडीत बसवल्यावर तो नकाशा बोनेटच्या आतून चिकटवतो, पुढच्या गावच्या मिस्त्रीसाठी.