आमची वाटचाल : चकतीपासून नळीपर्यंत

आमच्या कंपनीचं पहिलं उत्पादन म्हणजे पाणी गाळणारी सिरॅमिकची एक चकती, नाण्यापेक्षा थोडी मोठी. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आमच्याच पीएचडीच्या कामातून ती तयार झाली. चकती सुरेख चालायची. पण गिऱ्हाइकाला हवी होती मीटरभर लांबीची नळी, आणि तीही शेकड्याने.

चकतीपासून नळीपर्यंत यायला आम्हाला चार वर्षं लागली. भट्टीतून काढलेली नळी दिसायला निर्दोष असायची. मग ती पाण्यात बुडवायची, आतून हवेचा दाब द्यायचा आणि बघत बसायचं. नळीवरचा गाळणारा थर सलग असेल तर ठरलेल्या दाबापर्यंत काही दिसत नाही. कुठे सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं असेल, तर तिथून बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. पहिलं वर्षभर प्रत्येक नळीतून ती माळ यायची.

कारण शोधायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हवा. तो विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. विद्यापीठाने तो तासाच्या भाड्याने दिला, आणि तो चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी तिसऱ्या दिवशी भोकाच्या कडेवर बोट ठेवलं. कडा गोलसर होत्या. थराला तडा गेला असता तर त्या धारदार दिसल्या असत्या. म्हणजे ज्या द्रावणाचा थर देतो, त्या द्रावणातच हवा आधीपासून अडकलेली होती. द्रावण निर्वातात ठेवून हवा काढायला लागलो, आणि माळा थांबल्या.

अर्थव्यवस्थेला विद्यापीठाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की मला त्या गोलसर कडा आठवतात. त्या टप्प्यावर बँक दारात उभं करत नव्हती, कारण तारण ठेवायला काही नव्हतं. गुंतवणूकदार विक्रीचे आकडे मागायचे. आमच्या पाठीशी उभं राहिलं ते विद्यापीठच.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. आमच्या पद्धतीतला एक महत्त्वाचा भाग पेटंटचा अर्ज करण्याआधीच एका परिषदेत पोस्टरवर मांडला गेला. कितीतरी देशांत एकदा जाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. तो भाग तिथे कायमचा हातून गेला. अर्जाआधी काय दाखवायचं नाही, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याची खंत अजून आहे.

पुढे वाचनात आलं, की जनुक जोडण्याच्या तंत्राचंही असंच झालं होतं. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांचं संशोधन १९७३ मध्ये छापून आलं, पेटंटचा अर्ज १९७४ च्या नोव्हेंबरात गेला. अमेरिकेत जाहीर झाल्यावर वर्षभरात अर्ज करायची सवलत असल्याने तिथलं पेटंट वाचलं, परदेशातले हक्क गेले. तरीही कोहेन यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ते तंत्र एकाच कंपनीच्या हवाली न करता ४६८ कंपन्यांना परवान्यावर दिलं. त्यातून सुमारे २५.५ कोटी डॉलर आले. मला त्या रकमेपेक्षा परवानाधारकांची संख्या मोठी वाटते. बॉयर यांनी १९७६ मध्ये जेनेनटेक ही कंपनी काढण्यात भागीदारी केली, आणि पुढे जैवतंत्रज्ञानाचा एक अख्खा उद्योग उभा राहिला. विद्यापीठाची कमाई रॉयल्टीच्या रकान्यात शोधणाऱ्यांना हा उद्योग तिथे सापडणार नाही.

अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेता येऊ लागली, आणि परवाना देताना लहान उद्योगांना प्राधान्य द्यावं असंही त्यात आलं. हे कलम मला फार मोलाचं वाटतं. आमच्या परवान्याच्या वाटाघाटी मात्र चौदा महिने चालल्या. विद्यापीठाला सुरुवातीलाच मोठी रक्कम हवी होती, आमच्याकडे ती नव्हती. शेवटी आगाऊ रक्कम नाममात्र आणि विक्रीवर रॉयल्टी, असं ठरलं. हेच पहिल्या महिन्यात ठरलं असतं तर वर्षभर आधी माल बाजारात गेला असता. नव्या कंपनीला वर्ष म्हणजे केवढं, हे पगाराच्या तारखा सांभाळणाऱ्यालाच कळतं.

आज आम्ही एकोणीस जण आहोत. त्यातले अकरा त्याच विद्यापीठातून आलेले. चाचणीत नापास झालेल्या नळ्या आम्ही फेकत नाही, खोक्यात भरून प्रयोगशाळेत पाठवतो. सध्या तिथले दोन विद्यार्थी नळ्यांच्या टोकाशी थर पातळ का होतो ते तपासत आहेत. यावेळी अर्ज आधी तयार ठेवलाय, परिषदेचं नंतर बघू.