शहाद्यामार्गे तोरणमाळ : एकटीने केलेला पहिला प्रवास

पदवी हातात येईपर्यंत मी जळगावबाहेर कधी एकटी गेले नव्हते. तिकीट पप्पा काढत, डबा आई बांधून देई आणि उतरवून घ्यायला मामा स्टेशनवर हजर असत. त्यामुळे एप्रिलमध्ये मी एकटीने सातपुड्यातील तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचे ठरवले, तेव्हा रोज संध्याकाळी फोन करण्याच्या अटीवरच परवानगी मिळाली.

जळगावहून सुरतकडे जाणाऱ्या गाडीने नंदुरबार, तेथून प्रकाशाजवळ तापी ओलांडून एस.टी.ने शहादा आणि पुढे म्हसावद, राणीपूरमार्गे सुमारे 55 किलोमीटरवर तोरणमाळ, असा मार्ग आहे. शहाद्याच्या स्थानकात शेजारी बसलेल्या आजींनी “कथा चालनी वं माय?” (कुठे चाललीस गं?) असे विचारले. अहिराणी मला समजते, परंतु ‘नीट बोल’ या घरच्या धाकामुळे मी ती कधी बोलले नव्हते. “तोरणमाळले,” हे उत्तर आपसूक तोंडून गेले, आणि गाडी येईपर्यंत ती कोठे लागते, वर जेवणाची सोय कशी होते, हे सारे आजींकडून समजले. आजवर प्रत्येक चौकशी माझ्या वतीने दुसऱ्या कोणीतरी केलेली असल्यामुळे अनोळखी माणसाशी बोलायचे म्हटले की मला घाम फुटत असे.

सातपायरी घाटाची वळणे चढून गाडी 1,100 मीटरहून अधिक उंचीवर पोहोचते. यशवंत तलाव आणि गोरखनाथांचे मंदिर सगळेच पाहतात. मला अधिक आठवतो तो जवळचा पाडा, जिथे पावरा आदिवासी बायका आमचुरासाठी कैऱ्या सोलून फोडी वाळत घालत होत्या. मी विचारून त्यांच्यात बसले. माझ्या जाड फोडी एका बाईंनी काही न बोलता वेगळ्या काढल्या आणि पातळ करण्यासाठी पुन्हा माझ्याच पुढ्यात ठेवल्या. घरी अशा वेळी ‘राहू दे, मी करते’ असेच ऐकू आले असते. दुपार उलटेपर्यंत मी तेथून हलले नाही.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घाटातील गाड्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ चालक-वाहकांना उतरतानाच विचारून घ्यावी. जेवण अनेक ठिकाणी आधी सांगितले तरच मिळते. रोख रक्कम आणि, जळगाव तापलेले असले तरी, रात्रीसाठी एक शाल बरोबर असावी. सीताखाईचा धबधबा उन्हाळ्यात नसतो. त्यासाठी पावसाळ्यात जावे, मात्र कड्याच्या टोकाशी उभे राहू नये. महाशिवरात्रीला यात्रेची मोठी गर्दी असते, तेव्हा मुक्कामाची सोय आधी करावी. पाड्यात फोटो विचारूनच काढावेत.

मोबाइलची रेंज मधूनमधून जाते. घरच्यांना मुक्कामाचा पत्ता लिहून द्यावा आणि एखाद्या संध्याकाळी फोन आला नाही तरी निघू नका, असे बजावून ठेवावे. आमचे मामा शहाद्यापर्यंत येऊन पोहोचले होते.