भयपटाची सुरुवात: कच्चा कट तयार, नावांची जागा ठरली

सुरुवातीच्या दोन मिनिटांचा कच्चा कट लागला. गोष्ट घासून गुळगुळीत झालेली: रात्र, घरात एकटी मुलगी, बंद असायला हवं ते दार किंचित उघडं. मुद्दामच तशी घेतली. हा भयपट आहे हे एकदा ओळखलं की प्रेक्षक आपणहून फ्रेमचे कोपरे धुंडाळायला लागतो. ती नजर कुठे वळवायची, हाच खरा खेळ.

या वेळी सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर येणाऱ्या श्रेयनामावलीतल्या नावांनी खाल्ला. मुलगी फ्रेमच्या उजव्या कडेला आहे, डावीकडे मोकळा अंधार. अशी मोकळी जागा दिसली की तिथून कोणीतरी येणार, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. आधी नावं काळ्या पडद्यावर वेगळी होती. आता ती याच अंधारात टाकली. वाचायला नजर तिकडे जाते, नाव विरतं, नजर मात्र तिथेच रेंगाळते. तेवढ्यात उजवीकडे, मुलीमागच्या आरशात, दार बोटभर आणखी उघडतं. काहींना ते दुसऱ्यांदा पाहताना दिसलं, काहींना सांगावं लागलं. फाँट साधाच ठेवलाय. रक्त ठिबकणारी अक्षरं मला तरी पोस्टरवरही नकोशी वाटतात.

दुसरा संकेत पीओव्हीचा, म्हणजे एखाद्या पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या शॉटचा. १९७८च्या ‘हॅलोवीन’ची सुरुवात मारेकऱ्याच्या डोळ्यांतून दिसते आणि त्या प्रसंगाच्या शेवटी कळतं की तो सहा वर्षांचा मुलगा आहे. तेव्हापासून झुलता, दाराआडून पाहणारा कॅमेरा म्हणजे मारेकरी, हे समीकरण पक्कं झालं. मी कॅमेरा तसाच झुलता ठेवलाय. फक्त दार ढकलणारा हात फ्रेममध्ये येतो तेव्हा त्याच्या मनगटावर मुलीच्या हातातलंच घड्याळ आहे. भय इथे संपतं आणि थ्रिलर सुरू होतो. घड्याळ आधी एकदा क्लोजअपमध्ये दाखवलंय, नाहीतर हे कोणाच्या लक्षातच येणार नाही.

लायटिंगमध्ये फार काही नाही: एकच टेबललॅम्प, सावल्या उजळणारा फिल लाइट नाही. शूट थोडं उजळ केलं आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड जुळवताना, खाली ओढलं, म्हणजे सावल्यांत नॉइज (दाणेदारपणा) कमी राहतो. वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे सेकंदाला २४ फ्रेम्सवरही शटर १/५० सेकंद ठेवलं. दिव्याचा फ्लिकर, म्हणजे लुकलुकणं, आला नाही.

साउंड अजून अर्धाच झालाय. १९४२च्या ‘कॅट पीपल’मध्ये पाठलागाचा ताण शिगेला पोचतो आणि कर्कश फुत्कार टाकत फ्रेममध्ये शिरते ती साधी बस. या फसव्या दचक्याला ‘ल्यूटन बस’ हे नाव निर्माता व्हॅल ल्यूटनवरून पडलं. माझी बस म्हणजे काचेच्या टेबलावर थरथरणारा फोन. त्याआधी फ्रिजची घरघर अचानक थांबते. ती पहिल्या शॉटपासून इतकी हळू वाजतेय की थांबल्यावरच जाणवते. रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा बारीक आवाज, मात्र तिच्याखाली चालूच ठेवलाय. तोही काढला तर स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं.

फोनचा आवाज नाव विरल्यावर लगेच आणायचा की दोन सेकंद थांबून, यावर अडलोय. दोन्ही कट एक्सपोर्ट करतोय. पाहणार असाल तर हेडफोन लावून पाहा आणि कुठल्या कटमध्ये आरशातलं दार आधी दिसलं ते कळवा.