हॉर्नबॉस्टेलचं ड्रॉइंग आणि न मिळणारी सही : माझा अनुभव

पिट्सबर्गला आर्किटेक्चर शिकताना मी हेन्री हॉर्नबॉस्टेल (१८६७–१९६१) या अमेरिकन आर्किटेक्टवर प्रबंध लिहिला. आजच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मूळ आराखडा त्याचा, १९०४ ची स्पर्धा जिंकून मिळवलेला. तिथल्या मशिनरी हॉलच्या बॉयलरचं धुराडं त्यानं छतावरच्या गोल मंडपात असं लपवलंय की डोळ्यांना फक्त मंडपच दिसतो. त्या एका कल्पनेनं मला या माणसाचं वेड लावलं.

मला हवं होतं ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या सिटी हॉलचं दर्शनी ड्रॉइंग, म्हणजे इमारतीची समोरची बाजू दाखवणारं. १९१० च्या स्पर्धेतून निवडलेली, १९१४ ला पूर्ण झालेली ही इमारत अमेरिकेतली पहिली हाय-राइज सरकारी इमारत मानली जाते. १९८९ च्या भूकंपात तिला तडे गेले, मग खाली धक्के झेलणारे रबराचे बेअरिंग बसवून ती १९९५ मध्ये पुन्हा उघडली.

एका संग्रहात ते ड्रॉइंग होतं. वेळ ठरवली, गेलो, पाहिलं. तिथवर काहीच अडचण नाही.

अडलं ते छापण्याच्या परवानगीपाशी. अर्जात एक रकाना होता: हक्कधारकाची, म्हणजे ड्रॉइंगचा कॉपीराइट ज्याच्याकडे आहे त्याची, सही. आर्किटेक्ट १९६१ मध्ये गेला, त्याची फर्म केव्हाच बंद झाली. सही आणायची कुणाची? ईमेल केला की उत्तर यायचं, 'अर्ज अपूर्ण आहे.' फोन केला की, 'ईमेल करा.' हक्कधारक कोण हे तुम्ही सांगा म्हटलं, तर ते शोधणं अर्जदाराचं काम. प्रबंध सादर करायची तारीख जवळ येत होती आणि तो रकाना रिकामाच. अजून आठवलं की डोकं तापतं. कागद ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी एवढं तरी सांगायला हवं की नाही?

शेवटी कायदा मीच वाचला. कधीच प्रकाशित न झालेलं ड्रॉइंग आर्किटेक्टच्या स्वतःच्या नावावर असेल तर अमेरिकेत हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो, म्हणजे इथे २०३१ संपेपर्यंत. पण तेव्हाच छापून आलेलं काही असेल तर? प्रकाशनाला ९५ वर्षं उलटली की ते सगळ्यांचं. विद्यापीठाच्या लायब्ररीत त्या काळच्या वास्तुकलेच्या मासिकांचे जुने बांधीव अंक काढले आणि तेच दर्शनी ड्रॉइंग पानभर छापलेलं सापडलं! लायब्ररीच्या स्कॅनरवर फुकट स्कॅन केलं. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

म्हणून आधी जुनी मासिकं चाळा, अर्ज नंतर भरा. डिसेंबर १९९० च्या आधी बांधलेल्या इमारतीच्या रचनेवर अमेरिकेत वेगळा कॉपीराइट नाही, त्यामुळे स्वतः काढलेले फोटो बिनधास्त वापरा. आणि हो, अशा संग्रहांच्या वाचनकक्षात सहसा पेन चालत नाही. पेन्सिल घेऊन जा.