नवतप्यातलं क्रीम

२५ मे, रात्र

आज नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला आणि आजच लेकीला चौदावं पूर्ण झालं. दर वर्षी केक बाहेरून येतो. यंदा तिने घरचा मागितला, कॉफीचा, वर चॉकलेट क्रीम. तिला कॉफी आम्ही अजून प्यायला देत नाही, पण केकमधून चालते असा निकाल तिच्या आजीनेच दिला. आई या महिन्यात माझ्याकडे राहायला आली आहे, ते किती बरं झालं!

खालचा केक काल सकाळीच झाला. त्याला नागपूरचा उन्हाळा मानवतो. रात्री लावलेलं दही सकाळपर्यंत चांगलं आंबतं, आणि बिनअंड्याच्या केकात सोड्याला ते आंबटपणच हवं असतं. १२५ ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कोको, साखर, तेल, अर्धी वाटी दही. दोन चमचे कॉफी अर्ध्या कप उकळत्या पाण्यात विरघळवून ती कढतच कोकोवर ओतली. त्या वेळी जो वास सुटतो, त्यासाठी मी पुन्हा पुन्हा केक करीन. एवढीशी कॉफी स्वतः फारशी कळत नाही, पण चॉकलेटची चव तिच्यामुळे गडद होते. सात इंची भांडं, १८० अंश, पस्तीस मिनिटं. सुरी स्वच्छ बाहेर आली.

क्रीमने मात्र रडवलं.

इतवारीच्या बाजारातून डेअरीचं व्हिपिंग क्रीम बर्फाच्या डब्यात घालून आणलं होतं. तयार वनस्पती तुपाचं क्रीम मिळतं, ते उन्हातही उभं राहतं, बेकऱ्या तेच वापरतात. पण खाल्ल्यावर टाळूला एक मेणचट थर राहतो, आणि लेकीच्या केकावर मला तो नको होता. पातळ पाकिटातलं साधं फ्रेश क्रीमही कामाचं नाही. त्यात स्निग्धांश पंचवीस टक्क्यांच्या आसपास, ते नीट फुलतच नाही. तीस-पस्तीस टक्के लागतात.

काल दुपारी तीनला फेटायला बसले. बाहेर पंचेचाळीसच्या घरात पारा. बाहेरच्या खोलीत कूलर, पण स्वयंपाकघरात वारा आला की गॅस विझतो, म्हणून दार लोटलेलं. क्रीम उभं राहतं ते त्यातल्या स्निग्धांशाचे गार, घट्ट कण एकमेकांना धरून हवा अडकवून ठेवतात म्हणून. कणच मऊ पडले तर धरणार कशाला? दहा मिनिटं बीटर फिरवला. आधी दुधासारखं पातळ राहिलं, मग एकदम कणीदार होऊन फाटलं. तीनशे मिलीलीटर क्रीम! मला खरंच रडू आलं.

आई दारात येऊन उभी होती. "काऊन व, ह्या उन्हात कोनी लोणी काढते का?"

"लोणी नाही गं आई, क्रीम आहे."

"सायच ना? उन्हाळ्यात घुसळण पहाटे करतेत. बर्फ टाकून. आमच्या घरी आजी चार वाजता रवी धरे."

मी बघतच राहिले. वजन, टक्के, अंश सगळं वाचलं होतं मी, आणि वेळ मात्र आईने सांगितली. तिने ते फाटलेलं भांडं माझ्या हातातून घेतलं, त्यात बर्फाचे खडे टाकले आणि रवीने फिरवलं. पाच-सात मिनिटांत लोण्याचा गोळा वर. साखर घातली नव्हती म्हणून साधलं. संध्याकाळी तिने ते कढवलं, छोटी वाटी भरून तूप निघालं.

दुसरं पाकीट, भांडं आणि बीटरची पाती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. आज पहाटे साडेचारला उठले, तर आई माझ्या आधी उठलेली. खिडकीतून जरा बरी हवा येत होती. स्टीलचं भांडं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवलं. आई शेजारी स्टुलावर बसून ऐकत होती. बघत नव्हती, ऐकत होती. बीटरचा आवाज आधी पातळ, सळसळता. मग जड, दबका झाला. "आता हळू कर," ती म्हणाली. चमचाभर कढत पाण्यातली कॉफी गार करून घातली, पिठीसाखर घातली, वितळवून कोमट केलेलं चॉकलेट हलक्या हाताने कालवलं. मला वाटत होतं अजून थोडं फिरवावं. "थांब. आता थांब. पुढं लोणीच येईल." थांबले. बीटर उचलला, टोक उभं राहिलं.

उन्हाळ्यात चॉकलेट क्रीम निवडलं ते एका अर्थी बरंच झालं. फ्रिजमध्ये चॉकलेट परत आवळतं, क्रीमला आधार देतं. केक मधोमध कापून थर दिला, वरून सुरीने सारखं केलं. नक्षी नाही काढली. सहा वाजायच्या आत केक फ्रिजमध्ये.

संध्याकाळी मैत्रिणी आल्यावरच बाहेर काढला. दहा मिनिटांत कडा ओघळायला लागल्या, पण तोवर निम्मा संपला होता. लेकीने पहिला घास आजीला भरवला. "कॉफी कुठाय यात?" आजीने विचारलं. "खाली आहे, चॉकलेटच्या मागे," लेक म्हणाली.

रात्री कोणाला भूक नव्हती. नुसता वरण-भात टाकला, आणि त्यावर कालचं तूप.