वॉटसन हॉटेलचे बिडाचे खांब

सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जाणं आम्हा सोलापूरकरांना काही नवीन नाही, रात्री जेवून स्टेशनवर यायचं, बर्थवर अंग टाकायचं आणि डोळे उघडले की सीएसएमटी. या वेळी माझं काम दुपारनंतर होतं, म्हणजे सकाळचे चार-पाच तास हातात मोकळे. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी उरलेली, ती स्टेशनातल्या बाकावरच बसून खाल्ली, वर एक कटिंग घेतला आणि ठरवलं की आज काळा घोड्याला जाऊन ती बिल्डिंग बघून यायचीच.

ती बिल्डिंग म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन. 1998 साली मी सातवीत असताना अण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर तिथं आलो होतो. अण्णा सोलापुरातल्या एका मिलमधे साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, मिल बंद पडली आणि कामगारांचे हक्काचे पैसे अडकले, ते मिळवायला मुंबईला हायकोर्टात फेऱ्या चालू होत्या आणि वकिलाचं ऑफिस याच बिल्डिंगमधे. ऑफिस कसलं, प्लायवूडचं खोपटं, एक टेबल, दोन खुर्च्या आणि छतापर्यंत फायली. मला तेव्हा फक्त अंधार, लाकडी जिना आणि कुबट वास एवढंच लक्षात राहिलं. आणि एक गोष्ट. वकील येईपर्यंत आम्ही बाहेर व्हरांड्यात उभे होतो तेव्हा अण्णांनी तिथल्या खांबावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान जवळ नेला, परत टकटक केलं आणि म्हणाले, "बीड हाय बघ हे. आमच्या गिरणीतले खांब असलेच." बीड म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड. पैसे किती मिळणार, कधी मिळणार याची काळजी असताना माणूस खांब वाजवून बघत होता, हे मला आज आठवलं तरी गलबलून येतं.

त्या जागेचा इतिहास मला पुढं कित्येक वर्षांनी वाचायला मिळाला. ही बिल्डिंग म्हणजे वॉटसन हॉटेल, मुंबईतलं त्या काळातलं सगळ्यात भारी हॉटेल, 1871 ला सुरू झालेलं. तेव्हा सीएसएमटीची आजची इमारत नव्हतीच, तिचं काम 1878 ला सुरू झालं, म्हणजे बोरीबंदरला साधं स्टेशन होतं तेव्हापासून हे हॉटेल उभं आहे. आमच्या सोलापूरला रेल्वे आली 1860 ला आणि जुनी मिल सुरू झाली 1877 ला, ती काढणारे मोरारजी गोकुळदासही मुंबईचेच, तर हा सगळा एकाच काळाचा मामला. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी होता. रोलंड ऑर्डिश नावाच्या इंजिनियरनं डिझाईन केलं, बिडाचे खांब, तुळया हे सगळे भाग इंग्लंडमधे ओतून घेतले, जहाजानं मुंबईला आणले आणि इथं जोडून पाच मजले उभे केले. भिंतींवर भार नाही, सगळा भार या सांगाड्यावर. अण्णा सांगायचे की गिरणीतले साचे, म्हणजे कापड विणायचे मागपण असेच विलायतेहून पेट्यांत भरून आलेले, इथं बोल्ट मारून उभे केले. म्हणजे त्यांनी पेरानं ओळखलं ते बरोबरच होतं.

खोल्या 130. मधोमध काचेच्या छताचा चौक आणि खाली रेस्टॉरंट. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन 1896 च्या सुरुवातीला इथं राहून गेला आणि खोलीबाहेरच्या कावळ्यांच्या कलकलाटावर त्यानं मनापासून लिहिलंय. हे हॉटेल गोऱ्यांसाठीच होतं, जमशेटजी टाटांना इथं अडवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं ही गोष्ट सगळीकडे सांगतात, ती सगळेच इतिहासकार खरी मानत नाहीत, पण 1903 ला ताज उघडलं आणि वॉटसनचा भाव उतरत गेला हे नक्की.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. 7 जुलै 1896, फ्रान्सच्या सिनेमावाल्या ल्युमिएर बंधूंच्या माणसानं भारतात पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली ती या हॉटेलात, तिकीट एक रुपया. त्या चित्रांत काय होतं, तर गाडी स्टेशनात येतेय, भिंत पाडतायत, आणि कामगार कारखान्यातून सुटतायत! अहो, भोंगा झाला की गिरणी सुटायची आणि रस्ता माणसांनी भरून जायचा हे आम्ही लहानपणी रोज बघितलंय. तेच चित्र जिथं पहिल्यांदा दाखवलं त्याच बिल्डिंगमधे बंद मिलचा कामगार फाईल घेऊन बसला होता आणि त्याला कुणी सांगितलं नाही.

हॉटेल बंद पडल्यावर मालकांनी मोठ्या खोल्यांचे तुकडे करून भाड्यानं दिले, कोर्ट जवळ म्हणून वकील आले, टायपिंगवाले आले, दुरुस्तीकडे बघायला कुणी नाही. 2005 च्या पावसाळ्यात बाल्कनीचा भाग कोसळून एक माणूस गेला. 2019 ला म्हाडानं बिल्डिंग रिकामी केली, आयआयटी मुंबईनं पाडायला सांगितलं आणि वारसा जपणाऱ्यांनी त्याला विरोध केला. पाडू नये असंच माझंही मत आहे. याच ऑर्डिशचा हात लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छताला लागलाय आणि त्या स्टेशनचं हॉटेल 1935 ला बंद पडलं होतं, पुढं तेही पाडायला निघाले होते, पण लोकांनी हट्ट धरला आणि 2011 ला ते परत हॉटेल म्हणून उघडलं. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

हुतात्मा चौकातून चालत गेलो, वीस मिनिटांचा रस्ता. डेव्हिड ससून लायब्ररीच्या ओळीतच ती उभी आहे. आत जाता येत नाही. खालून बघितलं तर बाल्कनीच्या एका सांध्यातून पिंपळाचं रोप आलंय आणि गंजाचे पापुद्रे सुटलेत, तरी खांब सरळ रेषेत. रस्त्याच्या बाजूचा एक हाताला लागला, मी पण पेरानं टकटक केलं. गाड्यांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

रात्रीच्या गाडीनं परत. सकाळी स्टेशनवरून घरी जाताना रिक्षा मुद्दाम इंद्रभुवनवरून घ्यायला लावली. अप्पासाहेब वारदांनी बांधलेला वाडा तो, पुढं त्यात महापालिकेचं ऑफिस आलं, लोक दाखले काढायला, टॅक्स भरायला त्याच नक्षीदार कमानींखालून जात राहिले आणि वाडा टिकला.

घरी अण्णांना मोबाईलवर फोटो दाखवले. आता त्यांना नीट दिसत नाही, तरी दोन बोटांनी फोटो मोठा करत करत खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं आणला आणि बराच वेळ बघत बसले.

"जोड सुटला नाही अजून," म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.